निंदणाची वेळ

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ घरांचा शेतीशीं संबंध आतां वर्षांतून दोनदां येतो : एकदां बटाईचा किंवा मक्त्याचा करार करतांना, आणि दुसऱ्यांदा हिशेब मिटत नाहीं तेव्हां. मधल्या काळांत वावरांत काय चाललें आहे याची चौकशी घरांतील वडील माणसें करतात व धाकटीं माणसें ऐकून घेतात. परंतु अलीकडे एक विषय असा निघाला आहे कीं ज्यावर धाकटीं माणसेंहि हिरीरीनें बोलतात. तो विषय म्हणजे तण. निंदणाला बाया मिळत नाहींत, मिळाल्या तर रोज परवडत नाहीं, मग औषध मारून मोकळें कां होऊं नये, असा एक पक्ष. जें अन्न मुलांच्या तोंडीं जावयाचें त्यावर विष कशाला, असा दुसरा. आमच्या घरीं हा वाद दरवर्षीं मृगाच्या सुमारास होतो. आमचे पुतणे पुण्यास नोकरीस आहेत; ते फोनवरून सांगतात, "काका, बायांच्या मागें लागण्यापेक्षां एक पंप घ्या आणि स्वस्थ बसा." वडील सूनबाईंचें म्हणणें असें कीं, पंप घ्यावयाचाच असेल तर तो पुण्यासच ठेवावा.

या वादांत दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही कीं, तण कशानें मारावें एवढाच काय तो प्रश्न आहे. तणांवर आपल्याकडे व परदेशीं जें संशोधन झालें आहे तें आम्हीं सवडीनें वाचलें, आणि आमचें मत असें बनलें कीं "कशानें" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न "केव्हां" हा आहे. आणि "केव्हां" या प्रश्नाचें उत्तर जितकें शेतांत आहे तितकेंच घरांतल्या तिजोरींत आहे. कसें तें सांगतों.

आधीं शब्दाकडे पाहूं. जन्मभर शिक्षकी केल्यावर ही खोड जात नाहीं. पुण्याकडे जिला खुरपणी म्हणतात तिला आपण वऱ्हाडांत निंदण म्हणतों. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजधर्म सांगतांना निर्दात्याचा दृष्टान्त आला आहे : निंदण करणारा जसा तण उपटून धान्य राखतो, तसें राजानें शत्रूंचा उच्छेद करून राष्ट्र राखावें. तो निर्दाता आणि आमचें निंदण हीं एकाच कुळांतलीं असावींत असें आम्हांस वाटतें. 'तण' हें तर उघडच 'तृण' होय. कृषिपराशर नांवाच्या ग्रंथांत भातशेतीविषयीं लिहितांना, चांगलें वाढलेलें धान्यहि तण काढलें नाहीं तर पुरतें फळास येत नाहीं असें सांगितलें आहे; आणि तेथें नुसतें "तण काढा" म्हणून ग्रंथकार थांबत नाहीं, तर कोणत्या महिन्यांत काढावें तेंहि सांगतो. म्हणजे वेळेचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. वेळ मोजून पाहण्याची रीत तेवढी नवी आहे.

तण म्हणून कोणतीहि वनस्पति जन्मास येत नाहीं. श्रीगजाननास वाहावयाची दूर्वा तीच संत्र्याच्या बागेंतली हराळी. वैद्यांची मुस्ता, म्हणजे नागरमोथा, तो मिरचीच्या वावरांतला लव्हाळा. पत्रींतला अपामार्ग म्हणजे धुऱ्यावरचा आघाडा, आणि पुनर्नवा म्हणजे पायाखालीं तुडवली जाणारी घेटुळी. या मंडळींस आपल्या पूर्वजांनीं नांवें दिलीं, गुण पाहिले, आणि नको तेथें उगवलीं तर उपटूनहि टाकिलीं. गाजर गवताला मात्र संस्कृत नांव नाहीं, कारण तें पाहुणें आहे. अमेरिका खंडांतलें हें गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यांत नोंदलें गेलें. परदेशी धान्याबरोबर आलें असें सर्वत्र मानतात. आज अमरावतीपासून अकोल्यापर्यंत रस्त्याच्या कडेनें पांढऱ्या बारीक फुलांची जी झालर दिसते ती त्याचीच. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगास खाज सुटते, त्वचा काळवंडते, आणि तें खाल्लें तर जनावरासहि बाधतें.

आतां भाजीपाल्याकडे येऊं. ज्वारी, कापूस, तूर हीं पिकें पहिला महिना-दीड महिना सांभाळलीं कीं पुढें आपल्या सावलीनें तण दाबून टाकतात. शिवाय त्यांच्या ओळींतून डवरा फिरतो. कांद्याचें तसें नाहीं. कांद्याचें पान अरुंद, पोकळ आणि सरळ उभें. त्याची सावली जमिनीवर पडतच नाहीं. मुळें वरच्या वितभर मातींत. सुरुवातीची वाढ इतकी सावकाश कीं रोप लावून महिना झाला तरी वाफा रिकामाच दिसावा. त्यांत लावण पंधरा सेंटीमीटरांवर ओळ आणि ओळींत दहा सेंटीमीटरांवर रोप अशी दाट. डवरा सोडा, खुरपें घालतांनाहि गड्डा दुखावतो. वर ओलिताचें पाणी आणि शेणखत, तें तणालाहि तितकेंच मानवतें. पहिले दोन महिने कांदा तणांत तसाच राहिला तर अर्ध्याहून अधिक पीक जाणें नवलाचें नाहीं. मिरची-वांग्यांचें रोप लावल्यावर प्रथम मूळ धरण्यांतच दिवस घालवतें. तोंवर केना, कुंजरू आणि चिमणचारा पुढें गेलेले असतात.

या सर्वांचा हिशेब शास्त्रज्ञ कसा मांडतात तो प्रकार आम्हांस फार आवडला. अकोल्याचें कृषि विद्यापीठ १९६९ सालीं निघालें. त्यास ज्यांचें नांव आहे ते डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यांतील पापळ गांवचे, आणि १९५२ ते १९६२ या काळांत देशाचे कृषिमंत्री. तणांवरील अखिल भारतीय संशोधन योजना १९७८ सालीं सुरू झाली, जबलपुरास तिचें स्वतंत्र केंद्र १९८९ सालीं उभें राहिलें, आणि तिचें काम आतां अकोल्यासहि चालतें. अशा ठिकाणीं प्रयोग असा करतात : एकाच शेताचे सारख्या मापाचे लहान तुकडे पाडावयाचे. कांहीं तुकडे लावणीपासून पंधरा दिवस स्वच्छ ठेवावयाचे आणि मग तणास मोकळें सोडावयाचें. कांहीं तीस दिवस, कांहीं पंचेचाळीस, कांहीं साठ. दुसऱ्या तुकड्यांत याच्या उलट : पंधरा दिवस तण राहूं द्यावयाचें आणि पुढें शेवटपर्यंत स्वच्छ, नंतर तीस दिवस राहूं द्यावयाचें, नंतर पंचेचाळीस. एक तुकडा अखेरपर्यंत निर्मळ, आणि एक अखेरपर्यंत रानासारखा. काढणीच्या वेळीं प्रत्येकाचें वजन करावयाचें. एवढ्यावरून तो नेमका काळ हातीं येतो कीं ज्यांत तण राहिलें तर पिकाचें नुकसान पुढें कशानेंहि भरून निघत नाहीं, आणि ज्याच्या नंतर उगवलेलें तण पिकाचें फारसें वांकडें करूं शकत नाहीं. ठिकाण, हंगाम आणि वाण यांप्रमाणें दिवस मागेंपुढें होतात; परंतु लावलेल्या कांद्यास साधारण दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत आणि मिरचीस पहिले दोन महिने जपावें, एवढें निश्चित धरावयास हरकत नाहीं.

याचा व्यवहारी अर्थ असा कीं विसाव्या-पंचविसाव्या दिवशीं केलेलें एक निंदण हें साठाव्या दिवशीं केलेल्या तीन निंदणांहून मोलाचें आहे. साठाव्या दिवशीं वावर स्वच्छ दिसतें, मालकाच्या डोळ्यांस बरें वाटतें, रोजहि दुप्पट लागतात. पण कांद्याचें जें जावयाचें तें गेलेलें असतें.

ही गोष्ट आम्हांस पुस्तकांतून कळण्यापूर्वीं एका निंदणाऱ्या बाईनेंच सांगितली होती. धुऱ्यावर उभे राहून आम्ही कामाची पाहणी करीत होतों (शिक्षकाची पाहणी म्हणजे काय तें वाचकांस ठाऊकच आहे), तेव्हां ती मान वर न करतां म्हणाली, "गुरुजी, तन लहान असते तवा तुमी बलावत नाई, गुडघ्याएवढं झालं का बलावता. मंग कंबर कोनाची मोडते?" तिच्या या प्रश्नांत सगळा प्रयोग आला. लहान तण हातानें ओढलें कीं येतें. वाढलेलें खणावें लागतें, आणि येतांना शेजारचा कांदा घेऊन येतें.

मग लहान असतां तिला कां बोलावीत नाहीं? येथें तिजोरीचा संबंध येतो. बियाणें, खत, नांगरणी, रोप, लावणी यांवर हातचा पैसा नुकताच संपलेला असतो. बटाईदार मालकाकडे पाहतो. मालक अमरावतीस किंवा पुण्यास असतो आणि "पुढच्या आठवड्यांत पाठवितों" म्हणतो. बाया ज्याच्याकडे रोख रोज मिळतो त्याच्याकडे जातात, आणि गांवांतल्या सगळ्या वावरांस एकाच पंधरवड्यांत त्या हव्या असतात. असे पंधरा दिवस निघून जातात. मग घाई होते, मजुरी चढते, आणि वर्षाअखेर बटाईदारानें नीट लक्ष दिलें नाहीं असें आपण घरीं बसून ठरवितों. कितीतरी घरांत मालक व बटाईदार यांच्यांत जें कायमचें वांकडें येतें त्याचें मूळ या पंधरा दिवसांत असतें. आमची सूचना अशी कीं, करार करतांनाच पहिल्या निंदणाचा पैसा वेगळा काढून बटाईदाराच्या हातीं द्यावा, आणि तो लावणीच्या दिवशीं द्यावा. रक्कम तीच लागते. तारीख तेवढी बदलते. घरांतील कर्त्या पुरुषास हें पटत नसेल तर गृहिणींनीं वाण्याच्या यादींत एक महिना काटकसर करून ही रक्कम बाजूस ठेवावी. मागाहून कांद्याच्या पोत्यांकडे पाहून कर्त्या पुरुषास तें आपणच सुचविल्याचें आठवूं लागेल.

औषधांविषयीं आतां बोललें पाहिजे, कारण तें टाळून हा वाद मिटत नाहीं. वडील मंडळी सर्व औषधांस एकच नांव देतात, 'विष'; तरुण मंडळीहि एकच नांव देतात, 'उपाय'. वस्तुतः त्यांत जाती आहेत. कांद्यासाठीं पेंडीमेथॅलीन म्हणून जें औषध वापरतात तें तण उगवण्यापूर्वीं ओलसर मातीवर फवारावयाचें असतें. तें कोंबाची व मुळाची वाढ आरंभींच खुंटवितें. तण चार पानांचें झाल्यावर तेंच औषध मारणें म्हणजे लग्न लागल्यावर मुहूर्त पाहण्यासारखें आहे. क्विझालोफॉप उगवलेल्या गवतावर चालतें, पण तें फक्त गवताच्या जातीवर. रुंद पानाच्या केन्याला तें कांहीं करीत नाहीं. म्हणजे औषध घेतलें तरी "केव्हां" हा प्रश्न सुटत नाहीं, उलट अधिक कडक होतो. आणि बहुतेक प्रयोगांचा निष्कर्ष असा आहे कीं लावणीच्या वेळीं उगवणीपूर्वींचें एक औषध, आणि महिना-सवा महिन्यानें हातानें एक निंदण, ही जोडी एकट्या औषधापेक्षां चांगली ठरते. कारण औषधाचा अंमल कांहीं आठवड्यांत ओसरतो, आणि त्यांतून निसटलेलें तण शोधावयास माणसाचा डोळाच लागतो. पुतण्यांच्या पंपास आमचा विरोध नाहीं. पंपामुळें बायांची गरज संपते या समजुतीस आहे.

पंपाचाहि एक धर्म आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत शोधलें गेलेलें टू-फोर-डी नांवाचें औषध गवतवर्गी पिकास सोडून रुंद पानाच्या तणास मारतें, म्हणून गव्हांत व ज्वारींत चालतें. पण कापूस, मिरची, वांगीं, टमाटीं हीं सगळीं रुंद पानाचीं. वाऱ्यानें त्याचे तुषार शेजारच्या वावरांत गेले, किंवा तोच पंप नीट न धुतां मिरचीवर दुसऱ्या कामास वापरला, तर पानें आकसून, लांबट होऊन, पंज्यासारखीं वळतात. आमच्या नात्यांतील एका घरीं मिरचीचें अख्खें वावर असें वळलें तेव्हां प्रथम रोगाची औषधें झालीं, मग दृष्ट काढून झाली, आणि शेवटीं पंप शेजाऱ्याकडून आणलेला होता हें निघालें. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. फवारणाऱ्या माणसाचें अंग, नाक, हात झांकलेले असावेत. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यु पावले. तीं औषधें किडीवरचीं होतीं, तणावरचीं नव्हेत. पण पाठीवर पंप घेऊन भर उन्हांत उघड्या अंगानें फिरणारा मजूर दोन्ही वेळीं तोच असतो. बाटली आपण आणून दिली तर हातमोजेहि आपणच आणून दिले पाहिजेत.

आणखी एक. एकच औषध वर्षानुवर्षें मारलें कीं तणांतील जीं चिवट रोपटीं त्यांतून वांचतात त्यांचेंच बीं पुढें पसरतें. पंजाब-हरियाणांत गव्हांतील गुल्ली-डंडा नांवाचें तण आयसोप्रोट्युरॉन या औषधास १९९०च्या दशकाच्या आरंभीं असेंच दाद देईनासें झालें.

लहान पिकांची अडचण तर याहून निराळी आहे. अंजनगांव सुर्जी व अकोट या भागांत पानमळे आहेत, पानपिंपळी आहे. ही पानपिंपळी वैद्यांच्या कामाची, सावलींत वाढणारी, वर्षानुवर्षें एकाच जागीं राहणारी वेल. आपल्याकडे १९६८ च्या कायद्याप्रमाणें कोणतेंहि औषध ज्या पिकासाठीं नोंदलें असेल त्यावरच वापरावयाचें. बाटलीवर त्या पिकाचें नांव असावें लागतें. कापूस, सोयाबीन, गहूं यांची शेतें लाखों एकर, म्हणून कारखानदार त्यांच्या परीक्षा करवून नोंदणी घेतो. पानपिंपळीच्या थोडक्या एकरांसाठीं तो खर्च कोण करणार? अमेरिकेंत हीच अडचण आली तेव्हां सरकारनें १९६३ सालीं लहान पिकांच्या परीक्षा सरकारी खर्चानें व विद्यापीठांच्या मदतीनें करण्याची योजना काढली. ती आजहि चालू आहे. आपल्याकडे लहान पिकवाल्यांस अजून हातावरच भिस्त ठेवावी लागते. विड्याचें पान तर वेलीवरून काढून धुतलें कीं थेट तोंडांत जातें. त्या मळ्यांत बाटलीपेक्षां बाईचा हात आम्हांस केव्हांहि अधिक विश्वासाचा वाटतो.

संत्र्याच्या बागेची गोष्ट थोडी वेगळी. वरूड-मोर्शीकडील मंडळींस हें सांगावयास नको, पण ज्यांनीं नुकतीच बाग लावली आहे त्यांच्यासाठीं लिहितों. संत्र्याचीं अन्न घेणारीं बारीक मुळें वरच्या हात-सव्वा हात मातींतच पसरलेलीं असतात. हराळी आणि कुंदा काढण्याच्या उत्साहानें झाडाखालीं खोल वखरणी केली तर तींच मुळें तुटतात, आणि जखमेंतून डिंक्यासारख्या रोगास वाट मिळते. उलट बुंध्याशीं गवत माजूं दिलें तर तेथें ओल टिकून रोगाला तेंहि बरेंच. म्हणून आळें हातानें स्वच्छ ठेवावें, बुंध्यापासून थोडें अंतर सोडून तुरीचें किंवा सोयाबीनचें कुटार जाड पसरावें, आणि दोन ओळींमधलें गवत मुळासकट न काढतां कापून खालींच टाकावें. कुटारानें उन्हाळ्यांत पाण्याची बचत होते, आणि उजेड न मिळाल्यामुळें पुष्कळ तण उगवतच नाहीं. वाळवी असेल तेथें मात्र पाहून करावें.

उगवतच नाहीं म्हटलें, पण तणाचें बीं मरतें असें समजूं नये. अमेरिकेंतील मिशिगन येथें विल्यम बील नांवाच्या एका प्राध्यापकानें १८७९ सालीं वीस बाटल्यांत वाळूबरोबर निरनिराळ्या तणांचें बीं घालून त्या जमिनींत पुरून ठेविल्या. ठराविक वर्षांनीं एक बाटली काढून बीं पेरून पाहावयाचें, असा संकल्प. प्राध्यापक गेले, त्यांचे शिष्य गेले, शिष्यांचे शिष्य गेले. २०२१ सालीं रात्रींच्या अंधारांत, बियांस उजेड लागूं नये म्हणून, सोळावी बाटली उकरली, आणि एकशें चाळीसांहून अधिक वर्षें पुरलेलें एका जातीचें बीं उगवलें! शेवटची बाटली २१०० सालीं निघावयाची आहे. गुरुशिष्यपरंपरा आपल्याकडेच होती असें मानणाऱ्यांनीं या बाटल्यांचा विचार करावा. आपल्यापुरता धडा एवढा कीं, एक वर्ष तण फुलूं दिलें तर नातवंडें निंदीत बसतील. गाजर गवताचें एक झाड हजारों बिया टाकतें. तें फुलण्यापूर्वीं, पावसानें माती मऊ असतां, हातास फडकें बांधून मुळासकट उपटावें. दरवर्षीं ऑगस्टमध्यें त्यासाठीं देशभर एक सप्ताह पाळतात. मेक्सिकोहून आणून १९८४ सालीं बंगलोरास सोडलेला एक भुंगेराहि पावसाळ्यांत त्याचीं पानें खातो. पाठीवर पट्टे असलेला हा लहान किडा गाजर गवतावर दिसला तर त्यास मारूं नये; तो आपल्याच पक्षाचा आहे.

लव्हाळ्याचें बीं नव्हे, गांठी त्रास देतात. वरून खुरपला कीं खालच्या गांठींतून दोन फुटतात. त्यावर वऱ्हाडाचें ऊन हेंच औषध. चैत्र-वैशाखांत खोल नांगरून गांठी वर आणाव्या आणि पंधरा दिवस तळूं द्याव्या. जें ऊन आपण शिव्या देत सोसतों त्याचा आणखी एक उपयोग १९७६ सालीं इस्राएलांतील शास्त्रज्ञांनीं जगास दाखविला. रोपाच्या वाफ्यास पाणी देऊन, ढेकळें फोडून, त्यावर पातळ प्लास्टिकचा कागद घट्ट ताणावा, कडा मातीनें दाबाव्या, आणि चार ते सहा आठवडे हलवूं नये. खालची माती उघड्या मातीपेक्षां आठ-दहा अंशांनीं अधिक तापते. ओल असल्यामुळें बीं फुगतें आणि उकडून मरतें. कागद पारदर्शक हवा. काळा कागद स्वतःच तापतो, माती तितकी तापत नाहीं. दुकानदार काळा पुढें करील, तो घेऊं नये. खोल दडलेल्या लव्हाळ्याच्या गांठी यानें जात नाहींत, पण खरीप कांद्याच्या रोपास पहिला महिना निंदणाशिवाय जातो. चार वाफ्यांचा खर्च तो किती!

परंतु वाफ्यांचें साधलें म्हणून एकरांचें साधत नाहीं, हेंहि खरें. २०१९ सालच्या जूनमध्यें अकोट तालुक्यांतील अकोली जहागीर येथें शेतकऱ्यांनीं, तणनाशक सोसणारें पण सरकारी परवानगी नसलेलें कापसाचें बियाणें जाहीरपणें पेरलें. कायदा मोडल्याबद्दल त्यांस बोल लावणारे पुष्कळ निघाले. कायदा मोडूं नये हें आम्हीहि म्हणूं. पण ज्याच्या वावरांत वेळेवर एक बाई येत नाहीं त्याची चीड आम्हांस समजते. चाकाचें हातकोळपें, ओळींतलें अंतर थोडें वाढवून लहान यंत्रानें निंदणें, हे उपाय विद्यापीठें दाखवीत आहेत. त्यांनीं बाईची कंबर वांचते आणि तिचा रोजहि राहतो. अशा अवजारावर थोडा पैसा मालकानें घातला तर तो वाया जात नाहीं.

शेवटीं स्वयंपाकघराकडे. पावसाळ्यांत आपण जें तण म्हणतों त्यांतलें निम्में पूर्वीं ताटांत असे आणि पुष्कळ घरीं अजून आहे : तरोट्याचीं कोवळीं पानें, घोळ, तांदुळजा, कुंजरू, केन्याचीं भजीं. ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टाचें खावयाचें नाहीं म्हणून अशाच भाज्या शोधल्या जातात, आणि त्याच सुमारास दूर्वा व आघाडा हीं पत्रीसाठीं आणलीं जातात. पूर्वीं कोणत्याहि धुऱ्यावरून तोडून आणावें, कोणी विचारीत नसे. आतां धुऱ्यावर, रेल्वेच्या कडेस, रिकाम्या प्लॉटांवर सर्रास तणनाशक मारतात, आणि औषध पडल्यावर पहिले कांहीं दिवस पान हिरवेंच दिसतें. म्हणून मुलांस पत्रीस पाठवितांना जागा नेमून द्यावी, आणि परसांत दोन हात जागा घोळ-तांदुळज्यासाठीं मुद्दाम राखावी. बाजारांत कुंजरूची जुडी घेतांना विकणाऱ्या बाईस कोठल्या वावरांतली तें विचारावें. बहुधा तिनेंच तेथें निंदण केलेलें असतें, आणि तिकडे फवारलें होतें कीं नाहीं हें तिला मालकापेक्षां नक्की ठाऊक असतें.